उजेड आल्यावरचा चहा

साहेबांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, वीज तपासायचा टेस्टर असायचा. सही करायची वेळ आली की समोरच्याचं पेन मागायचे आणि परत करायला विसरायचे. टेस्टर मात्र त्यांनी कधी कुणाच्या हातात दिला नाही. बोलता बोलता तो काढत, समोरच्या पोराच्या छातीला त्याचं टोक लावत, मागच्या बाजूला अंगठा दाबत आणि डोळे बारीक करून आतला दिवा लागतो का ते बघत. "न्हाय लागला," म्हणत. "मुडद्या, करंटच न्हाय की तुझ्यात. जा, जेवून ये."

माझ्या छातीला त्यांनी टेस्टर कधीच लावला नाही.

त्यांच्याविषयी लिहायला बसलो आणि पहिल्यांदा हेच आठवलं, याची मला लाज वाटते. माणूस गेल्यावर त्याचं चांगलं आठवावं. मला आठवतं ते मला काय मिळालं नाही.

आम्ही सहाजण इंजिनिअरिंगची पदवी घेऊन नुकतेच वीज खात्यात लागलो होतो. वर्षभर शिकाऊ म्हणून कोल्हापुरात काढायचं, मग जिथं पाठवतील तिथं जायचं. त्या वर्षासाठी आम्हाला साहेबांच्या हवाली केलं होतं. साहेब बुटके, रुंद, आणि आवाज असा की टेलिफोनची गरज पडू नये. पायात कायम रबरी गमबूट. लग्नालाही तेच. एकदा मांडवाच्या दारात वधूपित्यानं हात जोडून बूट काढायला सांगितले, तर म्हणाले, "तुमच्या मांडवाचं वायरिंग बगितलंय मी. जेवून जितं घरला जायचं हाय मला."

पहिल्या दिवशी आम्ही इस्त्रीचे शर्ट घालून, कमरेला कातडी पाकिटात आकडेमोडीची स्लाइड रूल लटकवून त्यांच्यासमोर ओळीनं उभे राहिलो. त्यांनी कुणाचे मार्क विचारले नाहीत.

"शेवटचा अंधार कवा बगितला?"

पहिला म्हणाला, "काल. सिनेमाला गेलतो."

"तो तू तिकीट काढून घेतलास की. न मागता मिळालेला सांग."

मग शेवटी उभा असलेला एक काळासावळा मुलगा म्हणाला, "परवा. लाईट गेली, माग बंद पडले, आणि आमचा बा दारात येऊन बसला. संध्याकाळपातूर बसलाच हुता."

तो इचलकरंजीजवळच्या कबनूरचा होता. वडील दुसऱ्याच्या यंत्रमागावर कामाला. आम्ही पुढे त्याला कबनूर याच नावानं हाक मारू लागलो. साहेबांनी त्याच्याकडे नीट बघितलं, पुढे होऊन त्याच्या छातीला टेस्टर लावला आणि माझ्यासमोर आले.

मी वीजपुरवठा खंडित होण्याची कारणं सांगायला सुरुवात केली. तांत्रिक आधी, नैसर्गिक नंतर. त्यांनी मध्ये न तोडता सगळं ऐकून घेतलं.

"छान. आपण हेडमास्तरांचे चिरंजीव ना? अभ्यास उत्तम आहे तुमचा."

माझ्याशी बोलताना त्यांची भाषासुद्धा इस्त्री करून यायची. त्या दिवशी घरी जाताना मला वाटलं, मी पहिला आलो.

साहेबांचा एक नियम होता आणि खात्याच्या कुठल्याही पुस्तकात तो नव्हता. दुरुस्तीसाठी एखाद्या भागाची वीज बंद करायची असली की बटण शिकाऊ इंजिनिअरनं दाबायचं आणि लगेच सायकल काढून त्याच भागात जायचं. तिथं चौकात उभं राहायचं. बसायचं नाही, दुकानाच्या आत सरकायचं नाही. कुणी विचारलं तर "मी बंद केली" असं सांगायचं, वरच्यांकडे बोट दाखवायचं नाही. वेळ उलटून गेली तर लोकांकडे जाऊन आपणच सांगायचं. आणि वीज येईपर्यंत कुणाचा चहा घ्यायचा नाही. दिवसाढवळ्या असलं तरी साहेब त्याला अंधारच म्हणत. अंधार करणाऱ्यानं अंधारात उभं राहायचं, एवढंच. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

चहाचा नियम सगळ्यांत अवघड होता, कारण आमच्या गावची माणसं आधी शिव्या देतात आणि मग चहा विचारतात. माझी पहिली पाळी मंगळवार पेठेत होती. सायकल भिंतीला टेकवली तोवर शिंप्याच्या दुकानातून आवाज आला, "काय पावणं, लाईट गेली, तुमी का ऱ्हायला?" सगळी गल्ली हसली. गिरणीतून एक म्हातारी डोक्याला पीठ लागलेली बाहेर आली आणि माझ्या पुढ्यात डबा आपटून म्हणाली, "आर्दं दळान आत अडाकलंय माजं. ह्ये आर्दं जोंधळं तू खातोस का?" मी तिला दुरुस्तीचं महत्त्व समजावून सांगितलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि म्हणाली, "बोलतोस ग्वाड. पर दळान?"

संध्याकाळी मी हे सगळं साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. "छान निरीक्षण आहे," ते म्हणाले. त्याच दिवशी कबनूर दुसऱ्या पेठेत उभा होता आणि थोडा वेळ कट्ट्यावर टेकला होता. ते साहेबांना कळलं. "म्हातारा झालास व्हय रं? गुडघं दुकत्यात? तिकडं बाई चूल फुंकत बसल्या आन् तू कट्ट्यावर!" कचेरीतले कारकून टेबलं सोडून ऐकायला जमले. साहेब दम लागेपर्यंत बोलले, मग त्यालाच म्हणाले, "जा, पानी आन मला." त्यानं तांब्या आणला. साहेब अर्धं पाणी प्याले आणि तोच तांब्या त्यांनी त्याच्यापुढे धरला.

मी दारात उभा राहून बघत होतो.

वरचे एक अधिकारी यावरून साहेबांवर रागावले होते. शिकलेली इंजिनिअर पोरं रस्त्यावर लोकांची बोलणी खात उभी राहतात, यात खात्याची काय शोभा? साहेब म्हणाले, "खात्याची शोभा खांबाखांबावर लोंबकळत्या, साहेब. ती कोन बगत न्हाय, म्हनून मानसं उभी केली." साहेब बढतीत मागे राहिले ते अशा बोलण्यामुळेच, असं सगळे म्हणत. घरी काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, म्हणत, "लगीन ठरवताना कुनी सांगितलं न्हाई, पगारासंगं अंधार बी घरला येतोय म्हनून." कारण शहरात कुठंही सांगितलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला की साहेब आपल्या घराचा मेन स्विच स्वतः पाडत. काकूंचा रेडिओ नेमका गाण्याच्या मध्यात मरे. आम्ही जेवायला बसलेलो असलो तर कंदिलाच्या उजेडात आमटी वाढता वाढता त्या विचारत, "आज कुनी लावला रं उशीर?" आणि ज्यानं लावला तो मान खाली घालून जेवे. तो बहुतेक वेळा कबनूर असे. माझी कामं वेळेत व्हायची.

चैत्रात जोतिबाच्या यात्रेला आम्हा सगळ्यांना डोंगरावर नेलं होतं. संध्याकाळी एका ट्रान्सफॉर्मरमधून तेल गळायला लागलं आणि दुकानांची एक पूर्ण गल्ली बंद करावी लागली. बंद करायला कबनूर होता. तो गल्लीत जाऊन उभा राहिला तर गुलाल-खोबऱ्याच्या दुकानदारानं त्याची गचांडीच धरली. "गिऱ्हाईक दारात आन् तू लाईट घालवतोस? धर ही मेणबत्ती!" याला नाही म्हणता आलं नाही. एका हातात मेणबत्ती, दुसऱ्या हातानं गुलालाच्या पुड्या बांधून देणं, असं त्याचं सुरू झालं. काम संपवून परत आला तेव्हा केसापासून चपलेपर्यंत गुलाबी होता. फक्त डोळे काळे.

साहेबांनी डोंगर हलवला. "उभा ऱ्हा म्हटलं हुतं, धंदा कर म्हटलं न्हवतं! मेणबत्ती आन् गुलालाच्या कागदाचा ढीग? गल्ली पेटली असती म्हंजे? गाढवा, तुझ्या आयला मी काय त्वांड दाखवलं असतं?" आणि हे ओरडता ओरडता आपल्या खांद्यावरचा पंचा काढून ते त्याचे कान पुसत होते. आधी एक कान, मग दुसरा. लहान मुलाचे पुसावेत तसे. कबनूर खाली बघत होता, आणि मी शपथेवर सांगतो, तो हसत होता.

माझ्या ताब्यातली गल्ली उजळलेली होती. माझं एकही काम चुकलं नव्हतं. त्या रात्री परत आल्यावर मी खोलीचं दार लावलं, स्वतःचा टेस्टर काढला आणि आरशासमोर उभा राहून छातीला लावून बघितला. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

हेवा कशाचा करावा यालाही काही रीत असते. लोक पैशाचा करतात, रूपाचा करतात. मी शिव्यांचा करत होतो. पुढे पुढे तर कबनूरला शिव्या पडल्या नाहीत त्या दिवशी मला बरं वाटायचं आणि पडल्या की जेवण जायचं नाही. आणि वर्ष संपताना साहेब आमच्यातल्या एकाला पुढच्या तुकडीला तयार करण्यासाठी आपल्याजवळ ठेवून घेणार होते. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती, की उद्यमनगरातल्या एका कारखान्यानं दुप्पट पगाराची नोकरी देऊ केली होती, तिला मी ना हो म्हणत होतो ना नाही.

अशात एक दिवस माझी पाळी कबनूर गावावर आली.

यंत्रमागाच्या गावात वीज जाते ती आधी कानाला कळते. मी बटण दाबून सायकलवरून गावात शिरलो. तोवर सगळे माग थांबले होते. ज्या गावात माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात, तिथं कोंबडी फडफडलेली ऐकू येत होती. खोपट्यांच्या बुटक्या दारांतून माणसं एकेक करून बाहेर आली, केसांवर कापूस घेऊन. कुणी काही बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांची मजुरी कापडाच्या मीटरवर होती. दुपारपर्यंत येणारी वीज तिसरा प्रहर झाला तरी आली नाही. मी नियमाप्रमाणे दारोदार जाऊन उशीर होईल असं सांगितलं.

एका दारात एक वाळकासा माणूस बसला होता. माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "आमच्या पोराच्या हापिसातलं न्हवं तुमी?" कबनूरचे वडील. त्यांनी आत हाक मारली आणि थोड्या वेळानं कप पुढे केला. मग स्वतःच हसून म्हणाले, "आमचं पोरगं न्हाय घेत. लाईट आल्याबिगर पानीबी न्हाय म्हनतंय. तुमचं कसं काय?"

ऊन होतं, तहान लागली होती, हे खरं. पण मी तो चहा घेतला तो तहानेसाठी नाही. कप हातात घेताना माझ्या मनात स्पष्ट आलं होतं, आता हे साहेबांना सांगायचं. आता बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत सगळे असताना मी सांगितलं. "साहेब, काल मी वीज यायच्या आधी चहा घेतला."

कारकुनांच्या माना वर झाल्या. कबनूरनं माझ्याकडे बघितलं. मी हात मागे बांधून, छाती थोडी पुढे काढून उभा राहिलो.

साहेब कागदावर सही करत होते. पेन माझंच होतं. वर न बघता म्हणाले, "घेतलात? बरं केलंत. ऊन फार होतं काल."

आणि पेन मला परत केलं.

चार दिवस कबनूर माझ्याशी नीट बोलला नाही. मग सबस्टेशनवर आम्ही दोघंच असताना म्हणाला, "चा ग्वाड झालता का रं?"

"का?"

"आई इचारत हुती. साकर शेजारनं आनलीती."

त्या घराची दिवसाची मजुरी मी बंद केली होती आणि त्याच घराचा उसन्या साखरेचा चहा प्यालो होतो. चहाचा नियम मला तेव्हा कळला, तोही साहेबांच्या तोंडून नाही.

वर्ष संपलं. साहेबांनी कबनूरला ठेवून घेतलं. तसं सांगतानाही "माझ्या डोक्याला ताप नको का कायमचा, म्हनून हे गाढव ठेवलंय," असंच म्हणाले. आठवड्याभरात मी कारखान्याला होकार कळवला. राजीनामा द्यायला गेलो तेव्हा आशा होती, की निदान आता तरी टेबलावर मूठ आपटतील. खात्यानं वर्षभर शिकवलं ते काय उद्यमनगरसाठी, असं विचारतील. उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं मी. साहेब उठून उभे राहिले, हात मिळवला आणि म्हणाले, "तिकडे तुमच्या हुशारीचं चीज होईल." दारापर्यंत सोडायला आले.

पुष्कळ वर्षांनी, साहेब निवृत्त होऊन रंकाळ्याच्या बाजूला राहात होते तेव्हा, आजारी आहेत असं कळलं म्हणून भेटायला गेलो. संध्याकाळी मी पोचलो आणि वीज गेली. साहेब खिडकीशी आरामखुर्चीत होते. पायांत गमबूट नव्हते, लोकरी मोजे होते. "या, या," म्हणाले. मग आत तोंड करून, "अगं, आज मला मेन पाडायला उठायला लागलं न्हाय, परस्पर गेली!"

काकूंनी चहा आणला. एक कप माझ्या हातात दिला. दुसऱ्यावर बशी झाकून तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. मी बाहेर बघितलं. गल्लीच्या कोपऱ्यावर कबनूर उभा होता. मोठा अधिकारी झाला होता, कानांजवळ केस पांढरे झाले होते, आणि हात मागे बांधून एका दुधवाल्याचं ऐकून घेत होता. वीज त्यानंच बंद करायला सांगितली होती.

साहेबांनी खिडकीतून आवाज टाकला. आजारी माणसाचा आवाज नव्हता तो. "काय रं ए, किती वाजलं? कुटल्या घड्याळात बगून येळ सांगतोस लोकान्ला?"

"आलीच साहेब, धा मिनिटांत!"

"तुजी धा मिन्टं म्हायत हायत मला! जनमभर उशीरच लावलास मुडद्या!"

दुधवाला हसायला लागला. कबनूरसुद्धा. एवढ्या मोठ्या माणसाला भर रस्त्यात असं बोललेलं, आणि त्याचा फुललेला चेहरा मला त्या अर्ध्या अंधारातसुद्धा दिसत होता. मी कप तोंडाला लावला. चहा चांगला गरम होता.

वीज आल्यावर तो आत आला, बशी काढली आणि गार चहा एका घोटात प्याला. जाताना मी धीर करून विचारलं, "साहेब, तुम्ही मला कधीच ओरडला नाहीत."

त्यांनी माझा हात हातात घेतला. बराच वेळ धरून ठेवला. "अहो," ते म्हणाले, "पाहुण्याला कोण ओरडतं?"

मी एक ना एक दिवस जाणार हे त्यांना पहिल्या दिवशीच दिसलं होतं म्हणून ते मला अहो म्हणत, की ते अहो म्हणत राहिले म्हणून मी गेलो? मला हे अजून ठरवता आलेलं नाही. कधी एका बाजूनं वाटतं, कधी दुसऱ्या. साहेब त्यानंतर लवकरच गेले.

गेल्या उन्हाळ्यात दिवेलागणीला आमच्या राजारामपुरीतल्या गल्लीची वीज गेली. गॅलरीत आलो तर पानाच्या टपरीशेजारी एक तरुण उभा. बगलेत हेल्मेट, हात मागे. लोक भोवती जमून त्याची खरडपट्टी काढत होते. मला काही विचारायची गरज नव्हती, तरी खाली उतरलो.

"तुम्ही बंद केलीत?"

"व्हय काका, मीच. सातची येळ दिलीती. उशीर होईल जरा."

"उभं कुणी केलंय?"

"आमच्या साहेबांनी. आमच्यात पयल्यापासनं पद्धतच हाय तशी." पद्धत कुणाची, हे त्याला माहीत नव्हतं. लोक पांगल्यावर तो जरा सैल झाला. "कम्प्युटर शिकून आलोय काका मी. आन् हितं काय, तर टपरीपशी उभा ऱ्हा. साहेब तर बोलतच न्हाईत सरळ. सकाळी गाढव, दुपारी मुडद्या. पुण्याला एक नोकरी बगून ठेवलीया. जावं म्हनतो."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. पंचविशीही आली नसेल. त्याला रोज काय मिळतं आहे याची त्याला कल्पना नव्हती, आणि ते त्याच्याकडून ओरबाडून घ्यावं असं मला वाटलं. या वयात, एका अनोळखी पोराविषयी.

वर जाऊन बायकोला चहा टाकायला सांगितला. दोन कप घेऊन खाली आलो.

"न्हाय काका. लाईट आल्यावर."

"जायचंच आहे ना सोडून? मग आता कोण बघतंय?"

त्यानं मान हलवली. "न्हाय ओ. तुमी घ्या."

मी घेतला नाही. दोन्ही हातांत दोन कप धरून त्याच्या शेजारी उभा राहिलो. टपरीवाला म्हणाला, "काका, तुमी का उभं?" वाफ बंद झाली, वर साय धरली. हात अवघडले. कितीतरी वेळानं गल्लीतले दिवे एकदम लागले, पोरं ओरडली, आणि त्यानं माझ्याकडे वळून बघितलं.

मला म्हणायचं होतं, अहो, घ्या आता.

"घे की रं गाढवा," मी म्हणालो. "पार गार झालाय."